तुपाविना नानकटाई, दह्याविना केक

मराठवाड्यात दिवाळीच्या आधी आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत अजूनही कितीतरी घरांतून मैदा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा बेकरीत जातो आणि भट्टीतून निघालेली नानकटाई डबे भरभरून घरी येते. पण घरात एखाद्याला दूध चालत नसेल, किंवा कुणी दुधाचं खाणंच सोडलं असेल, तर त्याच्या वाट्याला नुसता वास येतो. तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी लागणारं बरंचसं सामान आपल्याच शिवारात पिकतं: सोयाबीन, करडई, जवस, हरभरा. फक्त एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. तूप, दूध, दही हे पदार्थात काही ना काही काम करत असतात. ते काढून टाकले की ते काम पडून राहतं आणि नानकटाई दगड होते किंवा केक मधोमध बसतो.

कामांकडे वळण्याआधी कारण नीट विचारून घ्यावं, कारण ‘दूध चालत नाही’ असं म्हणणारी माणसं तीन वेगळ्या अडचणी सांगत असतात. पहिली अडचण लॅक्टोज या दुधातल्या साखरेची. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. बालपण सरल्यावर अनेकांच्या शरीरात ते कमी होत जातं. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जीवाणू ती आंबवतात आणि पोट फुगतं, मुरड येते, जुलाब होतात. दुसरी अडचण दुधातल्या प्रथिनांच्या ॲलर्जीची. इथे केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनावर किंवा दूध फाटल्यावर सुटणाऱ्या निवळीतल्या (व्हे) प्रथिनांवर शरीराची प्रतिकारयंत्रणाच तुटून पडते, आणि अंगावर पित्त उठण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. तिसरी अडचण म्हणजे खरं तर निवड आहे: प्राण्यांपासून मिळणारं काहीच खायचं नाही.

लॅक्टोजचा त्रास असणाऱ्यासाठी नानकटाई बदलायची गरज बहुधा नसतेच. नीट कढवलेल्या तुपात ९९ टक्क्यांहून जास्त स्निग्धांश असतो, लॅक्टोज नाममात्र उरतं. पीठ मळताना दही किंवा दूध पावडर घातलेली नाही एवढं पाहिलं की पुरे. ॲलर्जीवाल्याला मात्र तुपात राहिलेला प्रथिनांचा अंशही महागात पडू शकतो. गाईचं दूध सोसत नाही म्हणून म्हशीचं किंवा शेळीचं देऊन बघणंही धोक्याचं, कारण या दुधांमधली प्रथिनं एकमेकांशी खूप मिळतीजुळती असतात. भट्टीत चांगले भाजलेले दुधाचे पदार्थ अशा काही मुलांना चालतात हे खरं आहे, पण ते चालतात की नाही याची परीक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवी.

आता नानकटाई. तिच्यात तूप दोन मोठी कामं करतं. गव्हाच्या पिठात पाणी गेलं की प्रथिनांचं चिवट जाळं, म्हणजे ग्लुटेन तयार होतं. पोळीला ते हवं असतं, नानकटाईला नको. तूप पिठाच्या कणाकणाला वेढतं आणि पाण्याला तिथवर पोचू देत नाही, म्हणून नानकटाई तोंडात विरघळते. हे काम कुठलंही तेल करू शकतं, आणि करडईचं तर उत्तम करतं.

दुसरं काम तेलाला जमत नाही. तूप आणि पिठीसाखर हाताने फेसून फेसून पांढरी करतात, तेव्हा नेमकं काय घडतं? रवाळ तुपात स्निग्धांशाचे बारीक स्फटिक असतात. फेसताना हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे आत शिरतात आणि हे स्फटिक त्यांना धरून ठेवतात. भट्टीत गेल्यावर सोड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि पिठातल्या ओलाव्याची वाफ नवे बुडबुडे सहसा तयार करत नाहीत, आधीच असलेले फुगवतात. म्हणून नानकटाईचा हलकेपणा भट्टीत नव्हे, परातीत ठरतो. पातळ तेलात स्फटिक नसतात, हवा थांबत नाही. नुसत्या तेलाची नानकटाई म्हणूनच भुसभुशीत पण बसकी होते, आणि पत्र्यावर पसरतेही.

तेव्हा घट्ट होणारं वनस्पतिजन्य तेल हवं. त्यातलं सहज मिळणारं म्हणजे खोबरेल. आपल्याकडे खोबरेल म्हटलं की डोक्याला लावायचं तेल आठवतं, पण इथे खाण्याचं म्हणून विकलं जाणारंच घ्यायचं. त्याचा एक स्वभाव सांभाळावा लागतो. तुपात अनेक प्रकारची मेदाम्लं असतात, त्यामुळे ते टप्प्याटप्प्याने सैल होतं आणि ३५-३७ अंशांच्या आसपास पुरतं वितळतं. खोबरेल २४ अंशांच्या सुमारास जवळजवळ एकदमच पातळ होतं. डिसेंबरात परभणीचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा ते दगडासारखं असतं, आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडलेल्या उन्हात त्याचं पाणी झालेलं असतं. थंडीत त्यात चौथा हिस्सा करडईचं तेल मिसळावं, म्हणजे ते फेसण्याजोगं मऊ होतं. उन्हाळ्यात खोबरेल फ्रिजमध्ये ठेवून लोण्याइतपत घट्ट झाल्यावर फेसायला घ्यावं, आणि वळलेली नानकटाई भाजण्याआधी पुन्हा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. तुपाच्या वजनाइतकंच खोबरेल चालतं, कारण दोन्ही जवळजवळ शुद्ध स्निग्ध पदार्थ आहेत. मूळ कृती लोण्याची किंवा बटरची असेल तर मात्र पाचवा हिस्सा कमी घ्यावं. बटरमध्ये स्निग्धांश ८० टक्क्यांच्या आसपासच असतो, बाकी मुख्यतः पाणी.

वनस्पती तुपाचं काय, असं कुणीही विचारेल. बेकऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं तेच वापरलं जातं, ते तेलापासून बनतं आणि हवाही छान धरतं. अडचण ट्रान्स फॅटची, जी हृदयविकाराचा धोका वाढवते. जानेवारी २०२२ पासून भारतात तेल आणि वनस्पतीमध्ये ट्रान्स फॅट जास्तीत जास्त २ टक्के असावी असा नियम आहे, त्यामुळे आजचं वनस्पती पूर्वीइतकं घातक राहिलेलं नाही. तरीही घरी करताना मी खोबरेलच निवडेन.

राहिला वास. साजूक तुपाची हुबेहूब नक्कल होत नाही, आणि तसा दावा कुणी करू नये. तूप कढताना दुधातली प्रथिनं आणि साखर यांच्यात मेलार्ड अभिक्रिया होऊन तो खमंगपणा येतो. पण याच कुळातला सुवास हरभरा डाळीचं पीठ मंद आचेवर भाजलं तरी सुटतो. मैद्याचा तिसरा हिस्सा असं भाजलेलं, पूर्ण गार केलेलं बेसन घ्यावं, वेलदोडा आणि जायफळ घालावं, चिमूटभर मीठ विसरू नये. ही नानकटाई वेगळी लागते, आणि स्वतःच्या बळावर चांगली लागते.

केकचा मामला जास्त गुंतागुंतीचा आहे. आपल्याकडचा घरगुती केक बहुतेक वेळा बिनअंड्याचा असतो, म्हणजेच त्यात अंड्याची कामं दही किंवा कंडेन्स्ड मिल्ककडे दिलेली असतात. आता दूधही काढायचं म्हटलं की एकाच वेळी दोघांची जागा भरावी लागते. परदेशी कृतीत ‘दुधाऐवजी सोया दूध घाला’ एवढ्यावर भागतं, कारण तिथे अंडं बसलेलं असतं. आपल्याकडे तेवढ्याने भागत नाही.

दह्याची आंबट बाजू सर्वांत महत्त्वाची. खायच्या सोड्याला आम्ल मिळालं की कार्बन डायऑक्साइड भराभर सुटतो. आम्ल नसेल तर सोडा फक्त उष्णतेने फुटतो, मागे सोडियम कार्बोनेट उरतं, आणि केकला साबणासारखी चव व पिवळट डाग येतात. अर्ध्या चमचा सोड्याला एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पुरतं. हाच रस कपभर सोया दुधात घातला तर दहा मिनिटांत ते ताकासारखं दाट होतं, कारण आम्लामुळे सोयाची प्रथिनं गोळा होतात. सोया दुधात प्रथिनं गाईच्या दुधाइतकी, सुमारे ३ टक्के असतात. भाजताना ती घट्ट होऊन केकला आधार देतात. नारळाच्या किंवा बदामाच्या पातळ दुधात ती फारशी नसतात.

लातूरच्या अडत बाजारात सोयाबीनच्या गोण्यांचे ढीग लागतात, आणि त्यातलं बहुतेक तेल गाळायला जातं. सोयाबीन घरी दळून दूध काढलं की एक हिरवट, कच्चा वास येतो, म्हणून लोक ते एकदा करून सोडून देतात. हा वास दाण्यात मुळात नसतो. दाणा थंड पाण्यात वाटला की लिपॉक्सिजनेज हे विकर तेलावर काम करू लागतं आणि वास जन्मतो. भिजवलेलं सोयाबीन उकळत्या पाण्यात टाकून काही मिनिटं उकळावं, मग गरम पाण्यातच वाटावं. विकर आधीच निकामी होतं. गाळलेलं दूध पुन्हा चांगलं उकळायचं, कारण कच्च्या सोयाबीनमधले प्रथिनांचं पचन अडवणारे घटक उष्णतेनेच निष्प्रभ होतात. दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही सोसत नाही. त्यांच्यासाठी साधं पाणी, तेल, लिंबू आणि सोडा यांवरही कोकोचा केक छान फुगतो. आधार गव्हाचं ग्लुटेन आणि स्टार्च देतात.

चिकटपणासाठी जवस आहे. एक मोठा चमचा जवसाची पूड तशाच तीन चमचे पाण्यात भिजवली की सालातली शर्करायुक्त द्रव्यं पाणी शोषून बुळबुळीत होतात. हा बुळबुळीतपणा ओलावा आणि बुडबुडे दोन्ही धरतो. कंडेन्स्ड मिल्कच्या गोडव्याला आणि दाटपणाला अर्धापूरकडचं पिकलेलं केळं कुस्करून घालता येतं. तेल करडईचंच घ्यावं. ते गारव्यातही गोठत नाही, म्हणून केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो.

रंग मात्र फिका पडतो. लॅक्टोज प्रथिनांशी मिळून तपकिरी होतं, साधी साखर तशी थेट होत नाही. साखरेचा काही भाग काढून गूळ घातला तर त्यातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजमुळे रंग चढतो. फिका केक कच्चा समजून जास्त भाजू नये. मधोमध सुरी घालून पाहावी.

विकतच्या सामानात फसगत होते ती इथे: पाकिटावरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहार सांगतो, आणि दूध त्यात बसतं. २०२२ च्या नियमांनुसार व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच नसलेल्या पदार्थांना वेगळं चिन्ह आहे, पण ते सगळ्यांवर दिसत नाही. घटकांत मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन शोधावं. केकवर लावायच्या काही ‘नॉन-डेअरी’ क्रीममध्ये सोडियम केसिनेट असतं, जे दुधापासूनच काढतात. ॲलर्जी असलेल्या मुलासाठी नानकटाई करायची असेल तर परात आणि पत्रे स्वच्छ घासून घ्यावेत आणि ती घरीच भाजावी, कारण बेकरीच्या पत्र्यावर आधीच्या घाण्याचं तूप लागलेलं असतं.