शेपटीकडून श्वास घेणारं कासव

कासवाच्या बरगड्या कवचालाच जोडलेल्या असतात. त्यामुळे आपल्यासारखी छाती फुगवून श्वास घेणं त्याला जमत नाही. पोटातले स्नायू आखडतात, सैल होतात आणि हवा फुप्फुसांत ये-जा करते. त्यासाठी अधूनमधून पाण्यावर नाक काढावंच लागतं. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातलं फिट्झरॉय नदीचं कासव मात्र दिवसचे दिवस वर येत नाही. १९८० साली त्याची शास्त्रीय नोंद झाली.

मल, मूत्र, अंडी या सगळ्यांसाठी कासवाला शेपटीच्या बुडाशी एकच द्वार असतं. शास्त्रात त्याला अवस्कर म्हणतात. या कासवात त्या द्वाराच्या आत डाव्या-उजव्या अंगाला एकेक मोठी पिशवी असते. तिचं अस्तर पाहावं तर झालरच! लांब, फांद्या फुटलेले मऊ तंतू, आणि प्रत्येकात बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. कासव मिनिटाला १५ ते ६० वेळा या पिशव्यांत पाणी ओढतं आणि बाहेर टाकतं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तेवढ्यात रक्तात उतरतो. त्याच्या गरजेचा ७० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन असा मिळू शकतो. माशाचे कल्ले जे काम तोंडाशी करतात, तेच इथे शेपटीशी चालतं, हे मला फार विलक्षण वाटतं.

हे स्वस्तात होत नाही. पाणी हवेपेक्षा कितीतरी जड, आणि त्यात ऑक्सिजन अगदी थोडा. पण खळाळत्या प्रवाहात दर वेळी वर येऊन पुन्हा तळ गाठणं त्याहून दमवणारं. शिवाय वर पक्षी टपलेले असतात, त्यामुळे पिल्लांना तळाशी राहणंच सोयीचं.

त्याच राज्यातल्या मेरी नदीतलं कासवही अशाच रीतीने तीन दिवसांपर्यंत पाण्याखाली राहू शकतं. त्याची पिल्लं १९६० आणि ७०च्या दशकांत दुकानांतून पाळायला विकली जात, पण ती येतात कुठून हे शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हतं. अखेर १९९४ मध्ये त्याची रीतसर नोंद झाली.

ही सगळी करामत वाहत्या, नितळ पाण्याच्या जोरावर चालते. बांध घातला की पाणी साचतं, गाळ बसतो आणि तळाशी ऑक्सिजन घटतो. मग पिल्लांना वारंवार वर यावं लागतं आणि ती भक्ष्य होतात. मेरी नदीवरच्या नियोजित ट्रॅव्हेस्टन धरणाला विरोध झाला, त्यामागे हेही एक कारण होतं. २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री पीटर गॅरेट यांनी या नदीतल्या दुर्मीळ जिवांचं कारण देऊन ते नाकारलं. फिट्झरॉयवर मात्र रूकवुड बंधारा बांधून झाला आहे.