यश आपलं, अपयश परिस्थितीचं: गटांच्या कारणमीमांसेमागचा इतिहास

माणूस घडलेल्या गोष्टीचं कारण कसं ठरवतो, हा प्रश्न मानसशास्त्रात रीतसर मांडण्याचं श्रेय फ्रिट्झ हायडर यांना दिलं जातं. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या हायडर यांनी १९५८च्या ग्रंथात एक साधी विभागणी केली: काही कारणं आपण माणसाच्या आत शोधतो, म्हणजे कुवत, स्वभाव, मेहनत, तर काही बाहेर, म्हणजे परिस्थिती, नशीब, कामाची काठिण्यपातळी. पुढच्या वीस वर्षांत एडवर्ड जोन्स, हॅरल्ड केली, बर्नार्ड वायनर, ली रॉस यांनी ही मांडणी वाढवत नेली. मात्र यातल्या बहुतेक संशोधनात निवाडा करणारा माणूस एकटा होता. तो कोणत्या संघाचा, धर्माचा किंवा कंपनीचा, हे विचारलं जात नव्हतं.

तसं विचारायला हवं, याची खूण आधीच मिळाली होती. नोव्हेंबर १९५१मध्ये डार्टमथ आणि प्रिन्स्टन या अमेरिकी शिक्षणसंस्थांमध्ये फुटबॉलचा अतिशय धसमुसळा सामना झाला. प्रिन्स्टनच्या आघाडीच्या खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल यांनी सामन्याचं चित्रीकरण दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे जितके नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. १९५४ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मला मोलाचा वाटतो, कारण पक्षपात कारण शोधण्याच्याही आधी, पाहण्यातच सुरू होतो हे त्यात दिसतं.

१९७४ साली डोनाल्ड टेलर आणि वैष्णा जग्गी यांचा दक्षिण भारतातला अभ्यास आला. हिंदू कारकुनांना काही प्रसंग वाचायला दिले होते. कुणी मदत करतो, कुणी अपमान करतो. पात्र कधी हिंदू, कधी मुस्लिम. आपल्या धर्माच्या माणसाचं चांगलं वागणं त्याच्या स्वभावातून आलं, असं उत्तर मिळालं. वाईट वागणं परिस्थितीमुळे. दुसऱ्या धर्माच्या माणसाबाबत हाच न्याय उलटा झाला. त्याच वर्षी के डो आणि टिम एम्सविलर यांनी दाखवलं की पुरुषी समजल्या गेलेल्या कामात पुरुष यशस्वी झाला तर ते कौशल्य ठरतं, आणि स्त्री यशस्वी झाली तर नशिबाला जास्त श्रेय मिळतं. असा निवाडा करणाऱ्यांत स्त्रियाही होत्या.

हे धागे थॉमस पेटिग्रू यांनी १९७९च्या लेखात एकत्र विणले. परक्या गटातल्या कुणी चांगलं काही केलं तर पूर्वग्रह बाळगणाऱ्याची अडचण होते. तिथून सुटायच्या चार वाटा त्यांनी सांगितल्या. तो माणूस अपवाद आहे. किंवा त्याचं नशीब चांगलं, नाहीतर त्याला खास सवलत मिळाली. किंवा त्याने जिवापाड कष्ट केले, म्हणजे मुळात कुवत बेताचीच. किंवा प्रसंगच तसा होता, त्याला दुसरं काही करताच आलं नसतं. वाट कोणतीही धरा, गटाबद्दलचं मत जागेवरच राहतं. यातली ‘अपवाद’ ही वाट मला सर्वांत घातक वाटते. ती कौतुकाच्या सुरात बोलली जाते, आणि ज्याचं कौतुक होतं त्याच्या बाकी माणसांना दार बंदच राहतं.

मात्र प्रत्येक गट स्वतःला झुकतं माप देतोच असं नाही. माइल्स ह्यूस्टन आणि कॉलीन वॉर्ड यांच्या १९८५च्या अभ्यासात मलेशियातल्या मलय विद्यार्थ्यांनी आपल्या गटाची बाजू घेतली. तिथल्या चिनी विद्यार्थ्यांनी मात्र तसं केलं नाही. त्यांचं माप मलय व्यक्तीच्या बाजूने झुकलं. समाजात कोणाचं स्थान काय, हे कारणमीमांसेत उतरतं. म्हणून ही केवळ मानवी मनाची खोड म्हणून सोडून देता येत नाही.

खेळ आणि व्यापारातले पुरावे थोडक्यात. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांच्या १९७६च्या अभ्यासात, संघ जिंकला की विद्यार्थी ‘आम्ही जिंकलो’ असं म्हणण्याकडे झुकत. हरल्यावर ‘आम्ही’ कमी व्हायचं. जेम्स बेटमन आणि बार्टन वाइट्झ यांनी १९८३ साली कंपन्यांनी भागधारकांना लिहिलेली पत्रं तपासली. चांगल्या निकालाचं कारण कंपनीच्या आत, वाईटाचं बाहेर, हाच कल तिथेही होता.

हे सगळं मुद्दाम, प्रतिमा जपण्यासाठी होतं का? डेल मिलर आणि मायकेल रॉस यांनी १९७५ साली या गृहीतकालाच आव्हान दिलं. माणूस यशाच्या अपेक्षेने काम करतो, त्यामुळे यश आलं की ते प्रयत्नांचं फळ वाटणं स्वाभाविक आहे. त्यात अहंकार असेलच असं नाही, असा त्यांचा मुद्दा होता. वाद पुरता मिटला नाही.

त्याच वर्षीचा बॅरी स्टॉ यांचा प्रयोग याहून खोल जातो. तीन-तीन जणांच्या गटांना एका कंपनीची आर्थिक माहिती देऊन तिच्या पुढच्या विक्रीचा आणि नफ्याचा अंदाज बांधायला सांगितलं. नंतर काही गटांना तुमचं काम उत्तम झालं असं कळवलं, काहींना वाईट झालं असं. प्रत्यक्षात हे निकाल चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले होते. कामाशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. तरी ‘यशस्वी’ गटांतल्या लोकांनी नोंदवलं की आमच्यात एकी होती, संवाद चांगला होता, उत्साह होता. ‘अपयशी’ गटांनी या सगळ्याला कमी गुण दिले. निकाल आधी आला, आणि त्याला शोभेल अशी आठवण मागून तयार झाली.

यशस्वी संघांना ‘तुमच्यात एकी होती का’ असं विचारून एकी हेच यशाचं कारण ठरवणाऱ्या संशोधनाचा पाया त्यामुळे हलला. व्यवस्थापनातले कितीतरी सल्ले अशाच उत्तरांवर उभे आहेत. गटाच्या कारभाराची माहिती निकाल लागण्याआधी टिपलेली असेल, तरच ती कारण म्हणून पुढे करता येते. निकालानंतर घेतलेल्या मुलाखतींतून कळतो तो मुख्यतः निकालच.