दिसणे आणि कळणे: जहाजांच्या टकरी टाळणाऱ्या रडारची पार्श्वभूमी

नागपूरहून समुद्र दूर असला, तरी विदर्भाचा माल ज्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे जातो, त्याच्या परिसरात ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल पसरले आणि बंदराची वाहतूक काही दिवस बंद राहिली. रडार असताना जहाजे आदळतात तरी कशी, हा प्रश्न तेव्हा येथेही विचारला गेला असेल, तर त्यात नवल नाही. मात्र तो प्रश्न जवळपास रडारइतकाच जुना आहे.

जर्मन संशोधक ख्रिस्तियान हुल्समायर याने मे १९०४ मध्ये कोलोन येथे ऱ्हाइन नदीवर आपले यंत्र दाखवले, ते टक्कर टाळण्यासाठीच. बोटीवरून परतलेल्या विद्युत्-लहरींनी घंटा वाजत असे. पण बोट किती अंतरावर आहे, हे त्या घंटेवरून कळत नसे. नौदलाने त्यात रस घेतला नाही आणि यंत्र विस्मरणात गेले. दुसऱ्या महायुद्धात विकसित झालेले रडार पुढे व्यापारी जहाजांवर आले. त्याच्या पडद्यावर समोरचे जहाज ठिपका म्हणून उमटे आणि त्याची दिशा आणि अंतर दोन्ही दिसत. तरीही तो ठिपका कुठे चालला आहे, हे पडदा सांगत नव्हता.

ते काढण्याची रीत खलाशांना रडारच्या आधीपासून ठाऊक होती. नागपुरातल्या व्हरायटी चौकाकडे जाताना आडव्या रस्त्याने येणारी दुचाकी आपल्या खिडकीच्या एकाच कोपऱ्यात स्थिर राहून मोठी होत गेली, तर दोघे चौकात एकाच वेळी पोहोचणार, हे उघड आहे. समुद्रावरही दिशाकोन बदलत नसेल आणि अंतर घटत असेल, तर धोका असतो. रडारवरील ठिपका सहा-सहा मिनिटांनी मेणाच्या पेन्सिलीने नोंदवला, तर हिशेब सोपा होतो, कारण सहा मिनिटे म्हणजे तासाचा दहावा भाग. बारा सागरी मैलांवरचे जहाज सहा मिनिटांनी त्याच दिशेला दहा मैलांवर दिसले, तर ते ताशी वीस मैलांनी जवळ येत आहे आणि हाताशी अर्धा तास उरला आहे. पुढे ठिपके जोडणारी रेषा वाढवली, की ते आपल्यापासून किमान किती अंतरावरून जाईल, तेही निघते. नाविक त्या अंतराला ‘सीपीए’ म्हणतात.

ही साधी आकडेमोड टाळल्याची किंमत २५ जुलै १९५६ च्या रात्री मोजावी लागली. अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ, धुक्याच्या पट्ट्यात, ‘आंद्रेआ डोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ ही प्रवासी जहाजे आदळली. ५१ जण दगावले आणि ‘आंद्रेआ डोरिया’ दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाले. दोघांनी एकमेकांना रडारवर कितीतरी आधी पाहिले होते. पण ‘आंद्रेआ डोरिया’वर रीतसर नोंद झाली नव्हती आणि अखेरीस एक जहाज डावीकडे, तर दुसरे उजवीकडे वळले. वाद न्यायालयाबाहेर मिटल्याने दोष कोणाचा, याचा निवाडा झालाच नाही. ‘रडारच्या साहाय्याने झालेली टक्कर’ हा खोचक शब्दप्रयोग नाविकांत रूढ झाला, तो अशाच अपघातांमुळे.

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांतील सातव्या नियमाने, १९७७ पासून, अपुऱ्या रडार-माहितीवर तर्क बांधण्यास मनाई केली. दरम्यान संगणक ही आकडेमोड करू लागला होता. ‘अर्पा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या यंत्रणेचे निकष आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९७९ मध्ये ठरवले. नंतरच्या निकषांनुसार लक्ष्य निवडल्यावर एका मिनिटात त्याच्या चालीचा कल आणि तीन मिनिटांत अंदाज मिळावा लागतो.

ही तीन मिनिटेच यंत्रणेची मर्यादाही दाखवतात. समोरचे जहाज वळले, की आधीचा अंदाज बाद होतो आणि नवा बसेपर्यंत पडद्यावरील बाण जुनीच दिशा दाखवत राहतो. दोन जहाजे अगदी जवळून गेली, तर एकाचा माग दुसऱ्याला चिकटण्याचा संभवही असतो. पावसाळ्यात लाटा आणि सरी यांच्या प्रतिध्वनींत कोकण किनाऱ्यावरची लाकडी मासेमारी होडी हरवून जाते. जहाजाची ओळख, स्थान आणि वेग रेडिओवरून आपोआप कळवणारी ‘एआयएस’ ही ओळख-प्रणाली हे दुबळेपण काही अंशी भरून काढते; पण ज्या होडीवर ते उपकरणच नाही, तिच्यासाठी ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातल्या, अधिकाऱ्याला खिडकीबाहेर पाहावेच लागते.