मनोराज्य वेगळं, उमेद वेगळी

चिपळूण असो, रत्नागिरी असो की कणकवली, उद्योजकांचं शिबिर म्हटलं की एक प्रकार ठरलेला. डोळे मिटा, पाच वर्षांनंतरचा आपला धंदा बघा, दारात उभी असलेली गाडी बघा, ते सगळं मिळालंच आहे असं समजून त्याचा आनंद घ्या. याला सकारात्मक मानसिकता म्हणतात, असं वर सांगितलं जातं. हे मनोराज्य आहे, आणि ते करायला कुणाला शिकवावं लागत नाही. धंद्याला लागते ती उमेद. दोन्ही एकच समजून आपल्याकडची तरुण मुलं कर्ज काढतात, म्हणून हे लिहायला बसलो.

पहाटे पाचला उठणं, आरशासमोर उभं राहून वाक्यं म्हणणं, भिंतीवर बंगल्याचं चित्र लावणं, यात मी शिरत नाही. कुणाला त्याने बरं वाटत असेल तर खुशाल करावं. खरा फरक तिथे नाहीच.

फरक दोन ठिकाणी आहे. पहिला असा, की उमेदीला मागचा आधार असतो. गेल्या हंगामात हे जमलं, बाजूच्या वाडीत अमक्याने केलं, मला हे काम येतं, म्हणून यंदा जमेल. मनोराज्याला असा आधार लागतच नाही. गाब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नेमकं हेच वेगळं करून मोजलं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वजन कमी करण्यासाठी आलेल्या २५ स्त्रिया होत्या. ‘मला जमेल’ असा अंदाज ज्यांनी बांधला, त्यांचं वजन जास्त उतरलं. बारीक झालेल्या स्वतःची गोड चित्रं ज्या रंगवत होत्या, त्यांचं वर्षभरात इतरांपेक्षा सुमारे ११ किलो कमी उतरलं. पुढे नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांतही तेच दिसलं: स्वप्नं रंगवणाऱ्यांना नोकऱ्या कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला. २०११ च्या प्रयोगांत कारणही हाती लागलं. गोड चित्र रंगवल्यावर माणसाचा वरचा रक्तदाब उतरतो, अंगातली धग कमी होते. मनाने फळ चाखून झालेलं असतं, मग हातपाय कशाला हलतील?

दुसरा फरक याहून मोठा आहे, आणि लोक ठेचकाळतात ते इथेच. आड काय येणार, हे त्या चित्रात आहे की नाही?

समजा, देवगडकडचा एक मुलगा नोकरी सोडून हापूसच्या बागा कराराने घेतो आहे. जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, पेट्या थेट पुण्याला पाठवू, मधला दलाल नको, असं सगळं त्याच्या डोक्यात पक्कं. काका विचारतात, “आणि मोहर गळलो तर काय करतलस?” मुलगा चिडतो, “काका, तुमी कायम निगेटिव्हच बोलतास.”

याची मला मनापासून चीड आहे. काकांनी धंद्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न विचारला आहे. डिसेंबर-जानेवारीत ढगाळ हवा पडली की मोहरावर तुडतुड्यांची कीड आणि भुरीचा रोग येणार, अवेळी पाऊस झाला की करपा रोग येणार, मेच्या शेवटी उरलेला आंबा कॅनिंगच्या, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याच्या, पडत्या भावाने जाणार. उमेद असलेल्या माणसाकडे याची उत्तरं तयार असतात: फवारणीचं वेळापत्रक, कॅनिंगवाल्याशी आधीच केलेलं बोलणं, एक वर्ष कोरडं गेलं तरी चूल पेटेल इतकी शिल्लक. मनोराज्यातल्या माणसाला प्रश्नाचाच राग येतो. समोरचा माणूस कुठल्या जातीचा आशावादी आहे हे ओळखायला मला एवढी एक खूण पुरते.

आपल्या देवळात गावकार, म्हणजे गावचा मानकरी, गाऱ्हाणं घालतो तेव्हा मागणं मागतो आणि वाटेतली इडापीडा, वाकडंनाकडंही मोठ्याने बोलून दाखवतो. सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्याला कुणी निगेटिव्ह म्हणत नाही. मग घरातल्या वडीलधाऱ्यांनाच का?

आता उलटी बाजू. ‘आपल्याकडे काय होत नाय’ म्हणत नुसत्या अडचणी मोजत बसणं हीसुद्धा उमेद नव्हे. ओटिंगेनबाईंच्या कामात क्रमाला महत्त्व आहे: आधी हवं ते स्पष्ट डोळ्यांसमोर आणायचं, मग लगेच आड येणारी गोष्ट. क्रम उलटा केला किंवा दोन्हींतलं एकच केलं, तर परिणाम दिसत नाही. त्याला पेटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञांची ‘जर-तर’ची जोड द्यावी. ‘मेहनत करीन’ हे वाक्य कामाचं नाही. ‘मोहरावर तुडतुडे दिसले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणी’ हे कामाचं, कारण त्या दिवशी पुन्हा विचार करत बसावं लागत नाही. मी तर सांगेन, हे वहीत लिहाच, आणि बँकेच्या अर्जाआधी लिहा.

शिबिरांत कधीच न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे, स्वप्न आणि अडचण असं समोरासमोर ठेवल्यावर काही बेत सोडून द्यावेसे वाटतात, आणि ते योग्यच असतं. समजा, मालवणजवळच्या तारकर्लीला एका बाईला आपल्या होमस्टेवर दोन एसी खोल्या चढवायच्या आहेत. कर्जाचा हप्ता बारा महिने आहे. पाण्यातले खेळ मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद, म्हणजे पावसाळ्यात खोल्या रिकाम्या. हप्ता त्या महिन्यांत कुठून भरायचा याचं उत्तर मिळालं तर बांधा, आणि जोमाने बांधा. नाही मिळालं तर आहेत त्या तीन खोल्यांना नीट रंग काढा, गळती बंद करा आणि गणपतीत येणाऱ्या चाकरमान्यांच्या पाहुण्यांसाठी त्या आतापासून राखून ठेवा. हा निर्णय घेणारी बाई धीर सोडून बसलेली नाही, तिची उमेद शाबूत आहे.