एनपीटी आणि एनएसजी: सही कुठे असते आणि कुठे नसते

‘भारताने एनएसजीवर सही केलेली नाही’ हे वाक्य स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये इतक्यांदा वाचलंय की आता चीड येते. एनएसजीवर सही करताच येत नाही. तो करारच नाही, देशांचा गट आहे: न्यूक्लियर सप्लायर्स ग्रुप.

एनपीटी, म्हणजे अण्वस्त्रप्रसारबंदी करार, बहुतेकांना पाठ असतो. १९६८ मध्ये सह्यांसाठी खुला, १९७० पासून लागू, १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट केलेले पाचच देश अण्वस्त्रधारी. भारत बाहेर. एनएसजी हा अणुइंधन आणि अणुसामग्री पुरवणाऱ्या देशांचा गट, १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर जमलेला. आज त्यात ४८ देश आहेत. नियम एकमताने ठरतात आणि जो तो ते आपापल्या निर्यात कायद्यांतून पाळतो.

घोटाळा होतो तो बंधन कोणावर आहे इथे. करार सही करणाऱ्याला बांधतो. म्हणून १९७४ किंवा १९९८ च्या अणुचाचण्यांनी ‘भारताने एनपीटी मोडला’ असं लिहिणं साफ चूक आहे. एनएसजीचे नियम विकणाऱ्याला बांधतात आणि झळ मात्र घेणाऱ्याला बसते. १९९२ मध्ये गटाने ठरवलं की ते पाच सोडून ज्या देशाची सगळी अणुकेंद्रं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली नाहीत, त्याला इंधन द्यायचं नाही. भारताने कशावरच सही केली नव्हती, तरी दार बंद झालं. पुढे रशियाने आपल्या तारापूरला इंधन द्यायचं ठरवलं, तेव्हा गटातल्या बहुतेक देशांनी जाब विचारला तो रशियाला. नियम रशियावर होता ना!

हे एकदा ध्यानात आलं की २००८ ची सूट आपोआप कळते. ६ सप्टेंबरला व्हिएन्नात गटाने ती अट भारतापुरती बाजूला ठेवली, म्हणजे आपल्याच सदस्यांना विक्रीची मोकळीक दिली. त्यानंतर रशिया, कझाकस्तानकडून युरेनियम आलं, तेही सदस्यत्वाशिवाय. सदस्यत्वासाठी भारताने २०१६ मध्ये अर्ज केला आणि तो चीनच्या विरोधामुळे अडला. नियम ठरवणाऱ्यांत बसायचं तर सदस्यत्व हवंच, पण ‘सदस्यत्व नाही म्हणून इंधन नाही’ हे लिहिणं आता तरी थांबवा.

आणि ‘एनपीटीवर सही नसेल तर गटात प्रवेश अशक्य’ असं ठासून सांगणाऱ्यांनी फ्रान्सकडे पाहावं. तो गटाच्या पहिल्या सात देशांपैकी एक, १९७५ पासून आत. एनपीटीत आला १९९२ मध्ये.