बर्फाला खरंच शंभर शब्द?

‘एस्किमोंच्या भाषेत बर्फासाठी शंभर शब्द आहेत.’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय, मी तर चारचौघांत सांगितलंयही.

मुळात ही एक भाषा नाही. ग्रीनलंडपासून अलास्काच्याही पलीकडे पसरलेलं भाषाकुल आहे. १९११ सालच्या एका ग्रंथात बर्फाचे चारच मूळ शब्द दिले होते. पुढे सांगोवांगी आकडा फुगत गेला.

याच कुलातल्या, कॅनडातल्या इनुइट लोकांच्या इनुक्तितुत भाषेत पडणारा बर्फ ‘कानिक’, जमिनीवर साचलेला ‘आपुत’. अशा मूळ शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय जोडत अख्ख्या वाक्याएवढा एक शब्द होतो. आपण ‘घरातल्यांनासुद्धा’ म्हणतो ना, तसंच, पण कितीतरी पुढे जाऊन. त्यामुळे असे शब्द मोजायला बसलं तर शंभरच काय, मोजदाद संपणारच नाही. कुत्रा, होडी, कशाचेही मोजा!

पडताळायचं तर इनुक्तितुतचा शब्दकोश उघडा आणि प्रत्यय बाजूला काढून फक्त मूळ शब्द मोजा.

बर्फात जगणाऱ्यांकडे त्याचे बारकावे टिपणारे शब्द भरपूर आहेत, हे मात्र खरं. आपल्याकडे नाही का पावसाची सर, झड, भुरभुर आणि वळीव?