गुडघ्यातला स्क्रू आणि एमआरआयची भीती

‘एसीएलचं (गुडघ्यातल्या एका लिगामेंटचं) ऑपरेशन झालंय, आत स्क्रू आहे, आता जन्मात एमआरआय नाही,’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. खरं नाही. मांडीच्या हाडाबाहेर अडकवलेलं जेमतेम १२ मिलिमीटर लांबीचं बटण आणि नडगीच्या हाडातल्या बोगद्यात ग्राफ्ट (तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला पट्टा) दाबून धरणारा स्क्रू, दोन्ही सहसा टायटॅनियमची असतात. एमआरआय मशीनमधला चुंबक त्यांना खेचत नाही. धातूशेजारी चित्र थोडं बिघडतं, इतकंच. विरघळणाऱ्या स्क्रूत तर धातूच नसतो. तरीही डिस्चार्जच्या कागदांवरचं इम्प्लांटचं स्टिकर तंत्रज्ञाला दाखवाच.

‘वर्षभरानं स्क्रू काढावाच लागतो’ हीसुद्धा आवईच. ग्राफ्ट हाडात रुजायला काही आठवडे ते महिने लागतात, स्क्रूवर खरी भिस्त तेवढ्यापुरती. पुढे तो टोचत नसेल तर कशाला उकरायचा?